खोक्यावरचं ५जी आणि काशीगावातलं ५जी

काशीगावच्या नाक्यावर मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर येते. "दादा, फोन ५जी घेतला, रिचार्जपण ५जीवाला मारलाय, तरी वर ४जीच दिसतंय. इथं रेंजच नाही का?" दुकानदार फोन हातात घेतो, एअरप्लेन मोड लावून काढतो, दोन सेटिंग्ज उघडून बघतो आणि सांगतो, "टॉवरचा प्रॉब्लेम आहे काका." नाहीतर, "फोन जुना झालाय, एक्स्चेंजमध्ये टाका." ही दोन्ही उत्तरं कधीकधी बरोबर असतात. पण या दोन उत्तरांच्या मधे आणखी चार-पाच कारणं असतात, आणि त्यातली काही तर एक पैसाही न खर्चता दूर होतात. रिक्षाचं भाडं फोनवर घेणाऱ्याला, घरोघर पार्सल पोचवणाऱ्या पोराला, एकाच फोनवर दोन भावंडांचा अभ्यास चालवणाऱ्या घराला बारा-पंधरा हजारांचा नवा फोन ही मोठी रक्कम आहे. ती खर्च करण्याआधी आपला फोन आणि हवेतलं नेटवर्क यांचं नेमकं कुठे जमत नाही, हे कळायलाच हवं.

काशीगावची जागा या बाबतीत जरा अवघड आहे. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला घोडबंदर आणि वसईची खाडी, मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली तेव्हा ज्या ग्रामपंचायती एकत्र आल्या, त्यांत काशी एक होती. त्यामुळे गावठाणातली बैठी घरं, गाळ्यांच्या रांगा आणि त्यांच्या डोक्यावर उभे राहिलेले उंच टॉवर, सगळं एकमेकांना खेटून आहे. मोबाइलच्या लहरींना डोंगरही अडवतो आणि सिमेंटच्या भिंतीही. गल्लीच्या तोंडाशी फोन धावतो आणि चार घरं आत गेलं की अडखळतो, याचं पहिलं कारण हेच.

शिवाय काशीगाव एका अशा हद्दीजवळ आहे, जी जमिनीवर कुठे आखलेली दिसत नाही. दूरसंचार खात्याने देशाचे २२ भाग पाडले आहेत. त्यांना सर्कल म्हणतात. मुंबई हे वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट वेगळं सर्कल. मीरा-भाईंदरच्या लँडलाइनचा कोड ०२२, म्हणजे मुंबईचा. खाडीचा पूल ओलांडून वसईत उतरलं की कोड ०२५०, आणि तिथून महाराष्ट्र सर्कल. म्हणजे दूरसंचाराच्या हिशेबात वसई आणि पणजी एका घरात, आणि काशीगाव शेजारी असूनही दुसऱ्या घरात. याचा फोनशी संबंध असा, की लहरींचा लिलाव सर्कलवार होतो. एखाद्या कंपनीने मुंबईत जे पट्टे घेतले, तेच आणि तेवढेच महाराष्ट्रात घेतले असतील असं नाही. नव्या सेवाही सर्कल-सर्कल पाहून सुरू होतात. वसईतल्या मावसभावाकडे तोच फोन, त्याच कंपनीचं सिम आणि वेग मात्र निराळा, यात काही गूढ नाही.

हे पट्टे, म्हणजे बँड, हाच या विषयाचा गाभा आहे.

मोबाइलचं नेटवर्क एकाच लहरीवर चालत नाही. भारतात ४जी ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत पसरलेलं आहे. प्रत्येक पट्ट्याला जगभर मान्य असा क्रमांक आहे. १८०० म्हणजे बँड ३, ८५० म्हणजे बँड ५, ९०० म्हणजे बँड ८, २३०० म्हणजे बँड ४०. ५जीच्या क्रमांकांआधी 'एन' लावतात. ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा, तो एन७८. ७०० मेगाहर्ट्झचा एन२८. आपण खोक्यावर '५जी' एवढंच वाचतो. त्या फोनला यातले कोणते क्रमांक येतात, हा खरा प्रश्न असतो.

कमी मेगाहर्ट्झची लहर लांब असते. ८५०ची साधारण ३५ सेंटिमीटर, ३३००ची जेमतेम ९ सेंटिमीटर. वरातीतला ढोल दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो आणि सनई कोपऱ्यावरच विरते, तसंच इथे होतं. लांब लहर वळणं घेते, भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते, दूरवर जाते. आखूड लहर अडते. मग सगळं ७०० आणि ८५०वरच का चालवत नाहीत? कारण तिथे जागा फार थोडी. ८५०मध्ये एखाद्या कंपनीच्या वाट्याला मोजकेच मेगाहर्ट्झ येतात. ३३००च्या पट्ट्यात जिओ आणि एअरटेलने २०२२च्या लिलावात प्रत्येक सर्कलमध्ये किमान १०० मेगाहर्ट्झ घेतले. वेग येतो तो या रुंदीमुळे. म्हणून चांगलं नेटवर्क दोन्ही पट्टे वापरतं, उघड्यावर रुंद पट्टा आणि घराच्या आत लांब लहरीचा. फोनला दोन्ही पट्टे आले पाहिजेत. एकच येत असेल, तर गावठाणातल्या आतल्या खोलीत तो फोन रडणारच.

पण फोनमध्ये सगळे पट्टे का नसतात? इथे जरा फोनच्या आत डोकवावं लागेल. आतली मोडेमची चिप बहुधा कितीतरी पट्टे हाताळू शकते. पण त्या चिपेपर्यंत लहर पोचायच्या आधी अँटेना लागते, नको त्या लहरी गाळणारा फिल्टर लागतो, सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर लागतो. पट्टा वाढला की हे सुटे भाग वाढतात, जागा जाते, खर्च वाढतो, तपासण्या वाढतात. म्हणून कंपन्या एकाच नावाचा फोन भारतासाठी वेगळा, अमेरिकेसाठी वेगळा, चीनसाठी वेगळा बनवतात. बाहेरून फरक शून्य. नाव तेच, रंग तोच, कॅमेरा तोच. फरक असतो मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांत. आणि जो फिल्टर आत बसवलेलाच नाही, तो कुठल्याही अपडेटने येत नाही. "सॉफ्टवेअर मारून ५जी चालू करून देतो" असं कुणी सांगितलं, तर आधी या फोनला एन७८ आहे का, एवढं विचारावं.

खोक्यावरचा शब्द आणि हवेतला पट्टा यांची गल्लत मोठमोठ्यांकडून झालेली आहे. मार्च २०१२ मध्ये ॲपलने नवा आयपॅड '४जी' म्हणून ऑस्ट्रेलियात विकायला काढला. त्यातलं ४जी अमेरिकेतल्या पट्ट्यांसाठी होतं. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा कंपनीचं ४जी १८००वर होतं. तिथल्या ग्राहक आयोगाने ॲपलला न्यायालयात खेचलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीला साडेबावीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. 'वायफाय + ४जी' हे नाव बदलून 'वायफाय + सेल्युलर' झालं. आपल्याकडेही त्याच वर्षी असाच प्रकार घडला. एअरटेलने ऑक्टोबर २०१२ मध्ये पुण्यात ४जी आणलं, ते २३००वर, म्हणजे बँड ४०. पुढच्याच महिन्यात भारतात आलेल्या आयफोन ५ला ४जी होतं, पण बँड ४० नव्हता. शहरात ४जी आणि हातातही ४जी असूनही दोघांची गाठ पडली नाही. महागडा फोन घेतला म्हणजे सुटलो, असं या विषयात कधीच नव्हतं.

त्याआधीचा एक अनुभव आपल्या घराघरात होऊन गेला आहे. २००३ साली रिलायन्सने पाचशे एक रुपयांत मोबाइल हातात दिला आणि ज्यांनी कधी फोन घेण्याचा विचार केला नव्हता, त्यांच्या खिशातही फोन आला. तो सीडीएमए तंत्रावरचा फोन होता. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून तो चालवण्याची सोय नव्हती. २०१६ मध्ये कंपनीने त्या ग्राहकांना ४जीकडे वळवलं आणि ते धडधाकट फोन कपाटात गेले. ज्या ८५०च्या पट्ट्यावर ते बोलत होते, त्याच पट्ट्यावर आज जिओचं ४जी चालतं. लहर तीच राहिली, पण तिच्यावरून चालणारी भाषा बदलली आणि फोनला ती भाषा येत नव्हती. पट्टा जुळणं पुरेसं नाही, तंत्रही जुळावं लागतं, हे त्यातून कळतं.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं तेव्हा हाच प्रश्न निराळ्या रूपात आला. जिओकडे २जी-३जी नव्हतंच. बोलणंसुद्धा ४जीवरूनच, म्हणजे व्होल्टीने. कितीतरी फोनांत ४जी होतं पण व्होल्टी नव्हतं. इंटरनेट चालायचं, साधा कॉल लागायचा नाही. त्यासाठी कंपनीने वेगळं ॲप दिलं आणि लोकांनी चालवून घेतलं. ही अडचण इतिहासजमा झाली असं समजू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात उरलेली ३जी नेटवर्कं बंद झाली आणि ज्या फोनवरून ४जीमधून आणीबाणीचा कॉल जात नाही, ते फोन नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत असा नियम लागू झाला. यात परदेशातून आणलेले, ४जी म्हणून विकलेले फोनही सापडले. मेलबर्न-सिडनीला लेकीकडे निघालेल्या आईवडिलांनी निघण्याआधी हे तपासावं.

आता ५जी. भारतात ५जी म्हणून विकला गेलेला पहिला फोन, रिअलमीचा एक्स५० प्रो, २४ फेब्रुवारी २०२०ला आला. लहरींचा लिलाव झाला २०२२च्या जुलै अखेरीस आणि सेवेचं उद्घाटन झालं १ ऑक्टोबर २०२२ला. म्हणजे अडीच वर्षं लोकांनी अशा गोष्टीसाठी पैसे मोजले, जी हवेत नव्हतीच. त्या काळातल्या बऱ्याच फोनांत ५जीचे एक-दोनच पट्टे होते. पुढे भारतात कोणते पट्टे लागणार हे ग्राहकाला सांगायची तसदी कुणी घेतली नाही. हे मला अजूनही खटकतं.

मुंबई मात्र पहिल्या यादीत होती. एअरटेलने पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि नागपूर घेतलं, जिओने दसऱ्याला ज्या चार शहरांत चाचणी सुरू केली त्यांत मुंबई होती, आणि व्होडाफोन आयडियाने मार्च २०२५ मध्ये मुंबईतूनच ५जीची सुरुवात केली. पण या कंपन्यांनी रस्ते वेगवेगळे निवडले. जिओचं ५जी स्वतंत्र आहे. त्याला तांत्रिक भाषेत एसए म्हणतात. ते ४जीचा आधार घेत नाही. एअरटेलने सुरुवात केली एनएसए पद्धतीने. तिथे फोन आधी ४जीचा एक पट्टा धरतो आणि त्याच्या जोडीला ५जी घेतो. पहिल्या पद्धतीसाठी फोनला एसए यावं लागतं. दुसऱ्या पद्धतीसाठी ४जी आणि ५जीची ती विशिष्ट जोडी यावी लागते. त्यामुळे एकाच फोनमध्ये एका सिमला ५जी दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही. लोक कंपनीला शिव्या घालतात. दोष तिथेच असेल असं नाही.

जिओने लिलावात ७०० मेगाहर्ट्झही घेतला, प्रत्येक सर्कलमध्ये १० मेगाहर्ट्झ. घराच्या आत ५जी पोचवायला हा मोठा उपयोगाचा पट्टा. ज्या फोनला एन७८ आहे पण एन२८ नाही, तो दारात ५जी दाखवेल आणि स्वयंपाकघरात ४जीवर येईल. २६ गिगाहर्ट्झचाही लिलाव झाला. त्या लहरी सेंटिमीटरभराच्या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांना तो पट्टा येत नाही आणि फोन घेताना त्याची फिकीरही करू नये.

कधी पट्टा असतो, तंत्र असतं, आणि तरीही दार बंद असतं. आयफोन १२ला २०२०पासून ५जीचं सगळं सामान होतं. भारतात ते चालू झालं डिसेंबर २०२२च्या आयओएस १६.२ या अपडेटने. सॅमसंग आणि इतरांचे फोनही त्या दोन-तीन महिन्यांत अपडेटने उघडत गेले. म्हणून पाच वर्षं जुना ५जी फोन कुणी स्वस्तात देत असेल, तर त्याला नंतरचे अपडेट मिळाले होते का, हे पाहणं पट्ट्यांइतकंच महत्त्वाचं.

इथे एक गोष्ट स्वतः करून बघण्यासारखी आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कॉलच्या डायल पॅडवर स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ हॅश स्टार हॅश स्टार दाबलं की एक साधं पान उघडतं. त्यात 'फोन इन्फॉर्मेशन'मध्ये सिग्नलचा आकडा वजा चिन्हासह दिसतो, डीबीएममध्ये. ४जीला उणे ८५ असेल तर उत्तम. उणे १०५ला काम चालतं. उणे ११५च्या पुढे गेलं की व्हिडिओ फिरत राहतो आणि पेमेंट अडकतं. दहा अंकांचा फरक म्हणजे दसपट ताकदीचा फरक, म्हणून उणे १०० आणि उणे ११० यांना जवळजवळ सारखं समजू नये. हा आकडा घेऊन घरात फिरावं. खिडकीत उणे ९० आणि आतल्या खोलीत उणे ११८ असेल, तर टॉवर आहे, भिंती मधे येताहेत. तिथे नवा फोन घेऊन फार काही साधणार नाही. घरात वायफायची सोय करून 'वायफाय कॉलिंग' चालू केलेलं जास्त कामाला येईल. आकडा घरभर चांगला आणि तरीही वेग नाही, तर गर्दी आहे किंवा फोन जुन्या ताकदीचा आहे. सुरुवातीच्या स्वस्त ४जी फोनांची वरची मर्यादाच १५० एमबीपीएस होती, तीही कागदावर. दोन-तीन पट्टे एकदम जोडून घेण्याची कला त्यांना येत नाही, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत त्यांचा दम आधी सुटतो. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड ॲप वेग मोजून दाखवतं, आणि ट्रायच्या २०२४च्या नियमांमुळे कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कुठे कोणती सेवा आहे याचे नकाशेही द्यावे लागतात. काशीगाव त्यात शोधून बघावं.

मीरा-भाईंदरमध्ये घरातलं कुणीतरी आखातात किंवा जहाजावर, अशी कुटुंबं पुष्कळ. तिकडून भेट म्हणून फोन येतात. अमेरिकेतून आलेला आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल, तर त्याला सिमची खाचच नसते, ई-सिम घ्यावं लागतं. काही फोन तिकडच्या कंपनीला बांधलेले असतात, ते सोडवल्याशिवाय इथलं सिम चालत नाही. आणि तिकडचे पट्टे आपल्याशी पूर्ण जुळतीलच असं नाही. भावाला फोन आणायला सांगताना नुसतं नाव सांगू नये, मॉडेल क्रमांक मागवून घ्यावा.

बीएसएनएलची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा अनेकांनी नंबर तिकडे नेला. सप्टेंबर २०२५ मध्ये देशी बनावटीच्या ४जीचं देशव्यापी उद्घाटनही झालं. हे ४जी मोठ्या प्रमाणात ७००च्या पट्ट्यावर, म्हणजे बँड २८वर आहे. २०१५ ते २०१८च्या सुमाराच्या कितीतरी ४जी फोनांना बँड २८ येत नाही. अशा फोनमध्ये सिम घातलं आणि नेट आलं नाही, तर ते नेटवर्क निरुपयोगी ठरवण्याआधी फोनचे पट्टे पाहावेत.

पैसे न लागणारे उपाय यानंतर. दोन सिमच्या जुन्या फोनांत ४जी बहुधा एकाच खाचेत चालायचं. सिमची अदलाबदल करून बघावी. 'प्रीफर्ड नेटवर्क टाइप' ४जीवर किंवा ३जीवर अडकलेलं असतं. बॅटरी सेव्हर चालू असला तर बरेच फोन ५जी गुपचूप बंद करतात. आणि सिम फार जुनं, २जी-३जीच्या काळातलं असेल, तर तेही बदलावं लागतं. ४जीचं सिम मात्र ५जीला चालतं, त्यासाठी नवं सिम घ्यायची गरज नाही. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी पुढचे २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. पगाराच्या किंवा हप्त्याच्या दिवशी हे काम काढू नये. आणि '५जी अपग्रेड'साठी लिंक पाठवून ओटीपी मागणारे चोर २०२२पासून फिरताहेत. असं अपग्रेड लिंकवरून कधीच होत नसतं.

वापरलेला फोन घेणाऱ्यांनी आणखी एक करावं. स्टार हॅश ०६ हॅश दाबून १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्यावा आणि केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ला करावा. फोन कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, चोरीचा म्हणून अडवलेला आहे का, हे कळतं. या व्यवस्थेची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच झाली.

नवा फोन घ्यायचाच असेल, तर दुकानात '५जी आहे का' असं विचारू नका. मॉडेल क्रमांक विचारा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाचे पट्टे तिथेच उघडायला लावा. ४जीमध्ये १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ दिसले पाहिजेत, ५जीमध्ये एन७८ आणि एन२८ दोन्ही, आणि एसए व एनएसए असे दोन्ही उल्लेख. यातलं एखादं नसेल, तर तो फोन कितीही सवलतीत मिळत असला तरी तिथेच ठेवून बाहेर पडा.